सर्व्हरची इमेज घडवताना

मराठी संस्थांच्या जुन्या अंकांचे, स्मरणिकांचे आणि सूचींचे अंकीकरण आता अनेक ठिकाणी झाले आहे. स्कॅनर आणला जातो, विद्यार्थी पाने उलटतात, संकेतस्थळ उभे राहते, त्याचे उद्घाटन होते. तीन-चार वर्षांनी एखाद्या सकाळी ते संकेतस्थळ उघडत नाही. चौकशी केली की कळते, ज्या मुलाने सर्व्हर उभा केला होता तो नोकरीसाठी दुसऱ्या शहरी गेला आहे. त्यावर काय बसवले होते आणि कोणती सेटिंग कुठे बदलली होती, हे सारे त्याच्या डोक्यात होते, कुठे लिहिलेले नव्हते. अंकांच्या फायली शाबूत असतात, पण त्या वाचकापर्यंत पोचवणारे यंत्र पुन्हा कसे उभे करायचे हे कोणालाच सांगता येत नाही.

अशा एका संस्थेच्या कामात मी होतो. सर्व्हर पुन्हा उभा करायला आम्हाला तीन आठवडे लागले. त्यातले बहुतेक दिवस काम करण्यात नव्हे, तर आधीच्याने काय केले असेल याचा अंदाज बांधण्यात गेले. त्यानंतर आम्ही सर्व्हर हाताने बसवणे सोडले आणि त्याची इमेज घडवू लागलो. ही इमेज म्हणजे काय, ती कशी घडते आणि मराठीच्या कामासाठी तिच्यात कशाची काळजी घ्यावी लागते, हे संगणकशास्त्र न शिकलेल्या वाचकालाही कळेल अशा रीतीने येथे मांडतो.

इमेज म्हणजे काय?

क्लाउड होस्टिंग म्हणजे दुसऱ्याच्या केंद्रातील संगणक भाड्याने घेणे. आपल्याला मात्र अख्खा संगणक मिळत नाही. एका मोठ्या यंत्राच्या पोटात अनेक आभासी यंत्रे चालतात, त्यांपैकी एक आपल्या वाट्याला येते. ॲमेझॉनने अशी सेवा २००६ मध्ये सुरू केली. लिनक्सच्या कर्नलमध्ये आभासी यंत्रे चालवण्याची केव्हीएम ही सोय २००७ मध्ये आली आणि हा व्यवसाय छोट्या कंपन्यांच्याही आवाक्यात आला.

नवा सर्व्हर मागितला की तो एखाद-दोन मिनिटांत तयार होतो. एवढ्या वेळात कोणी त्यावर लिनक्स बसवत नाही. आधीच बसवलेल्या डिस्कची एक प्रत तयार ठेवलेली असते, ती नव्या यंत्राला जोडली जाते. या प्रतीची फाइल म्हणजे इमेज. ‘प्रतिमा’ म्हटले की मराठी वाचकाला छायाचित्र आठवते, म्हणून या लेखात ‘इमेज’ हाच शब्द ठेवला आहे. तिच्यात डिस्कचे विभाग, यंत्र सुरू करणारा ग्रब हा छोटा प्रोग्रॅम, लिनक्सचे कर्नल आणि सगळ्या फायली असतात. क्यूकाऊ२ या प्रचलित स्वरूपात डिस्कचा जेवढा भाग लिहिला गेला आहे तेवढाच साठवला जातो. त्यामुळे दहा गिगाबाइटच्या डिस्कची इमेज काही शे मेगाबाइटांतही मावते.

छापखान्याशी संबंध आलेल्यांना हे लवकर समजेल. फर्मा लागला की त्यावरून हजार प्रती निघतात. फर्म्यातली एक चूक हजार प्रतींत जाते आणि छापून झाल्यावर ती हाताने दुरुस्त करणे परवडत नाही. इमेजचेही तसेच आहे. तिच्यावरून उभ्या राहणाऱ्या प्रत्येक सर्व्हरमध्ये तिचे गुण उतरतात, तिच्या चुकाही उतरतात, आणि तिच्यात चुकून राहिलेली गुपितेही उतरतात.

डेबियन, उबुंटू यांसारखे प्रकल्प आपापल्या क्लाउड इमेज विनामूल्य देतात. त्या सर्वांसाठी असल्यामुळे मुद्दाम मोकळ्या ठेवलेल्या असतात. आपल्याला लागणाऱ्या गोष्टी त्यांत भरून घेतल्या की आपली इमेज तयार होते.

काय आत, काय बाहेर

घडवायला बसण्यापूर्वी कागद घेऊन सर्व्हरवरच्या प्रत्येक गोष्टीच्या चार वाटण्या कराव्यात. माझ्या अनुभवात या कामातला सर्वांत महत्त्वाचा तास हाच असतो.

पहिली वाटणी इमेजच्या आत जाणाऱ्या गोष्टींची. प्रत्येक प्रतीत सारखे असले तरी चालेल आणि जगाने पाहिले तरी बिघडणार नाही, असे सर्व काही येथे येते: लिनक्स, वेब सर्व्हर, डेटाबेस चालवणारे सॉफ्टवेअर, फॉन्ट, भाषेच्या आणि घड्याळाच्या सेटिंग.

दुसरी वाटणी यंत्र पहिल्यांदा सुरू होताना मिळणाऱ्या गोष्टींची. यंत्राचे नाव, प्रशासकाची सार्वजनिक किल्ली, डिस्कचा प्रत्यक्ष आकार या गोष्टी प्रत्येक प्रतीला वेगळ्या असतात. त्या भरण्याचे काम क्लाउड-इनिट हा प्रोग्रॅम करतो. बहुतेक क्लाउडमध्ये तो १६९.२५४.१६९.२५४ या ठरलेल्या पत्त्यावर ‘मी कोण?’ असे विचारतो. होस्टिंग कंपनीची व्यवस्था त्याला उत्तर देते. त्याप्रमाणे तो नाव लावतो, किल्ली योग्य जागी ठेवतो आणि इमेजमधला लहानसा विभाग मिळालेल्या डिस्कभर वाढवतो.

तिसरी वाटणी विदेची. अंकांच्या फायली, लेखक-सूची आणि वाचकांची नोंदणी वेगळ्या डिस्कवर असावी. सर्व्हर मोडला तर तो टाकून देता यावा आणि ही डिस्क नव्या सर्व्हरला लावता यावी.

चौथ्या वाटणीतल्या गोष्टी इमेजमध्ये कधीच जाऊ नयेत: पासवर्ड, खासगी किल्ल्या, संकेतस्थळाच्या प्रमाणपत्राची किल्ली. इमेज आज आपल्याकडे असली तरी उद्या ती दुसऱ्या संस्थेला देण्याची वेळ येते, आणि देताना आत काय आहे हे कोणी उघडून पाहत नाही.

मराठीसाठी काय लागते?

क्लाउडसाठीच्या इमेजमध्ये सहसा एकही फॉन्ट नसतो. सर्व्हरला पडदा नसल्याने त्याची गरज भासत नाही. वाचक संकेतस्थळ पाहतो तेव्हा त्याच्या फोनमधला किंवा संगणकातला फॉन्ट वापरला जातो. पण सर्व्हरनेच पीडीएफ तयार करायची असेल, तर फॉन्ट सर्व्हरवर लागतो. आमच्या पहिल्या इमेजमधून निघालेल्या सूचीच्या पीडीएफमध्ये अक्षरांच्या जागी रिकाम्या चौकटींच्या रांगा होत्या. लोहित किंवा नोटो या मुक्त फॉन्टचे देवनागरी पॅकेज इमेजमध्ये घातले की हा प्रश्न सुटतो. मात्र फॉन्ट जुना नसावा. ‘ॲ’ हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली, ५.१ या आवृत्तीत आले. त्याआधीच्या फॉन्टमध्ये ते सापडत नाही आणि ‘ॲकॅडमी’च्या आरंभीच चौकट उमटते.

दुसरी गोष्ट वर्णक्रमाची. डेबियनच्या क्लाउड इमेजमध्ये कोणत्याही भाषेचे नियम लावलेले नसतात. त्यामुळे शब्द युनिकोडमधील क्रमांकांप्रमाणे लागतात. त्या क्रमात ‘ळ’ हा ‘ल’च्या लगेच पुढे आहे. आपल्या वर्णमालेत तो ‘ह’नंतर येतो. परिणामी ‘कळस’ हा शब्द ‘कवच’च्या आधी लागतो. ‘क्ष’ आणि ‘ज्ञ’ तर युनिकोडच्या लेखी स्वतंत्र अक्षरेच नाहीत. क आणि ष यांच्यामध्ये हलन्ताचे चिन्ह घालून ‘क्ष’ होतो, म्हणून ‘क्षमा’ हा शब्द ‘क’च्या पोटात ‘कौतुक’नंतर जाऊन बसतो. लेखक-सूचीत ज्ञानेश्वर हे नाव जोशींच्या खाली दिसले, तर त्याचे कारण हेच. काही कोश क्ष आणि ज्ञ यांना क आणि ज यांच्यातच घेतात, तोही पक्ष मान्य करता येईल. पण हा निर्णय संपादकाने घ्यावा. सर्व्हरने तो परस्पर घेऊन टाकणे बरे नव्हे.

यासाठी इमेजमध्ये भारतातील मराठीची भाषा-सेटिंग तयार करावी, आणि ती डेटाबेसचे पॅकेज बसवण्यापूर्वी करावी. डेबियनमध्ये पोस्टग्रेएसक्यूएल बसवताच त्याचा पहिला डेटाबेस तयार होतो आणि त्या क्षणी जी भाषा-सेटिंग असेल ती तो उचलतो. नंतर सेटिंग बदलली तरी आधी तयार झालेला डेटाबेस बदलत नाही. दोन ओळींची अदलाबदल झाली की वर्षभराची सूची चुकीच्या क्रमाने लागते.

वर्णक्रमाचा आणखी एक धोका इमेज बदलताना येतो. लिनक्समध्ये क्रमवारीचे नियम ग्लिबसी या पायाभूत लायब्ररीत असतात. ऑगस्ट २०१८ मध्ये आलेल्या तिच्या २.२८ या आवृत्तीत अनेक भाषांचे क्रमवारीचे नियम एकदम नव्याने घेतले गेले. डेटाबेस आपली अनुक्रमणिका या क्रमाने लावून ठेवतो. जुन्या इमेजवर लावलेली अनुक्रमणिका असलेली डिस्क नव्या इमेजला जोडली, की डेटाबेस नव्या क्रमाने शोधू लागतो. कोशात ‘कळस’ ज्या पानावर आहे ते सोडून तो भलत्याच पानावर पाहतो आणि असा शब्द नाही असे सांगतो. नोंद असते, पण सापडत नाही. अशा वेळी अनुक्रमणिका नव्याने बांधण्याची आज्ञा द्यावी लागते. पोस्टग्रेएसक्यूएलच्या अलीकडच्या आवृत्त्या याचा इशारा देतात, तो वाचायला मात्र कोणीतरी हवे.

जुन्या छापील पानांवरून मजकूर काढायचा असेल तर टेसेरॅक्ट हे अक्षर-ओळख करणारे मुक्त सॉफ्टवेअर आणि त्याचे मराठीचे वेगळे पॅकेज, दोन्ही लागतात. पहिलेच घातले तर ते मराठी पानावर रोमन अक्षरांचा कचरा काढून देते. सर्व्हरचे घड्याळही सहसा जागतिक वेळेवर असते. नोंदींना भारतीय वेळ हवी असेल तर तीही येथेच ठरवावी.

घडवण्याची रीत

इमेज घडवण्याचे तीन मार्ग आहेत. पहिला, रिकाम्या डिस्कपासून सुरुवात करून सर्व काही स्वतः बसवणे. डेबियनचे डीबूटस्ट्रॅप हे साधन त्यासाठी आहे. शिकण्यासाठी हा मार्ग उत्तम, रोजच्या कामाला लांबचा. दुसरा, पॅकर यासारख्या साधनाने एक तात्पुरते यंत्र सुरू करायचे, त्यावर ठरलेल्या आज्ञा चालवायच्या आणि ते बंद करून त्याच्या डिस्कची प्रत घ्यायची. तिसरा, प्रकल्पाची अधिकृत इमेज उतरवून, यंत्र सुरू न करताच तिच्या आत बदल करायचे. व्हर्ट-कस्टमाइझ हे साधन तसे करते. लहान संस्थेसाठी मी तिसरा मार्ग सुचवतो, कारण त्यात सगळे बदल एका फायलीत ओळीने लिहिलेले राहतात.

क्रम असा. अधिकृत इमेज उतरवली की तिच्यासोबत दिलेली पडताळणीची बेरीज जुळवून पाहावी. ती वाटेत बिघडली असेल तर हे लगेच कळते, आणि बेरजेच्या यादीवरची सही तपासली तर ती कोणी बदललेली नाही याचीही खात्री होते. मग डिस्क आणि तिच्यातला विभाग वाढवून जागा करावी, कारण मूळ इमेज लहान असते. नंतर सुरक्षेचे अद्ययावतन, भाषा-सेटिंग, पॅकेजे आणि आपल्या सेटिंगच्या फायली, याच क्रमाने. पोस्टग्रेएसक्यूएलने बसताना स्वतःहून तयार केलेला रिकामा डेटाबेस काढून टाकावा. खरा डेटाबेस वेगळ्या डिस्कवर असणार आहे.

आता एक मोह टाळायचा आहे. चालू सर्व्हर व्यवस्थित चालला आहे, तर त्याचीच प्रत घेऊन तिला इमेज का म्हणू नये? आम्ही पहिल्यांदा तेच केले. हाताने बसवलेल्या सर्व्हरची प्रत घेतली आणि संगणककक्षात चाचणीसाठी तिच्यावरून दोन यंत्रे उभी केली. दोघांनाही नेटवर्कने एकच पत्ता दिला आणि दोन्ही आळीपाळीने गायब होऊ लागली. दोन दिवस आम्ही तारा तपासत बसलो. कारण वेगळेच होते. लिनक्समध्ये प्रत्येक यंत्राचा एक ओळखक्रमांक एका फायलीत असतो. नेटवर्ककडे पत्ता मागताना आमची यंत्रे त्यावरून आपली ओळख सांगत होती. प्रतीबरोबर तो क्रमांकही गेला होता, त्यामुळे नेटवर्कच्या दृष्टीने ती दोन यंत्रे एकच होती.

त्याच प्रतीत सर्व्हरची खासगी किल्लीही होती. दूरवरून सर्व्हरशी जोडले जाताना, आपण खऱ्याच सर्व्हरशी बोलत आहोत याची खात्री या किल्लीवरून होते. ती दोन ठिकाणी असली तर एक यंत्र दुसऱ्याचे सोंग घेऊ शकते. शिवाय डेटाबेसचा पासवर्ड सेटिंगच्या फायलीत तसाच होता, आणि टाइप केलेल्या आज्ञांच्या इतिहासात तो आणखी एकदा होता.

पुसणे

म्हणून इमेज घडवल्यानंतरची पायरी साफसफाईची. यंत्राच्या ओळखक्रमांकाची फाइल रिकामी करावी, म्हणजे प्रत्येक प्रत पहिल्या वेळी आपला नवा क्रमांक बनवील. खासगी किल्ल्या काढून टाकाव्यात. क्लाउड-इनिट नव्या यंत्रावर त्या पुन्हा तयार करतो. यादृच्छिक संख्यांसाठी साठवलेले बीज, नोंदवह्या, आज्ञांचा इतिहास, उतरवलेल्या पॅकेजांचा साठा हे सगळे काढावे. व्हर्ट-सिसप्रेप हे साधन यातले बरेचसे एका आज्ञेत करते. आपल्या खास फायली मात्र आपणच आठवून काढाव्या लागतात.

एवढ्यानेही काम संपत नाही. फाइल पुसली म्हणजे तिचे नाव सूचीतून जाते, मजकूर डिस्कवर तसाच राहतो. इमेज ही डिस्कची प्रत असल्याने तो मजकूरही प्रतीत येतो. ॲमेझॉनच्या क्लाउडवर लोकांनी सर्वांसाठी खुल्या ठेवलेल्या ५,००० हून अधिक इमेज संशोधकांच्या एका गटाने तपासल्या आणि निष्कर्ष २०१२ मध्ये प्रसिद्ध केले. त्यांना इमेजमध्ये राहिलेल्या खासगी किल्ल्या आणि पासवर्ड सापडले, आणि मालकांनी पुसलेल्या फायलीही परत मिळवता आल्या. ज्यांनी त्या पुसल्या त्यांची समजूत ती नाहीशी झाल्याचीच असणार. यावर उपाय म्हणजे शेवटी डिस्कची रिकामी जागा शून्यांनी भरणे किंवा ती सोडून देणे. व्हर्ट-स्पार्सिफाय हे काम करते आणि त्याने इमेजही लहान होते. त्याहून चांगला उपाय म्हणजे गुप्त गोष्ट मुळात इमेजमध्ये आणूच नये. अधिकृत इमेजपासून सुरुवात करण्याचा मोठा फायदा हाच.

मुद्रितशोधन

छापायला देण्यापूर्वी आपण मुद्रिते तपासतो. इमेजही अपलोड करण्यापूर्वी आपल्याच संगणकावर क्यूईएमयूने चालवून पाहावी, आणि एक नव्हे, दोन प्रती एकदम चालवाव्यात. एका प्रतीत न दिसणारे दोष दोन शेजारी ठेवल्या की दिसतात. दोघींचे ओळखक्रमांक, किल्ल्या आणि पत्ते वेगळे आहेत ना, हे पाहावे. एखादी सेवा सुरू होताना अडली का, ते पाहावे. यंत्र बंद करून पुन्हा सुरू करावे, कारण काही चुका दुसऱ्याच वेळी उमटतात.

मराठीसाठी आम्ही एक छोटी शब्दयादी ठेवली आहे: ॲकॅडमी, ऑगस्ट, कवच, कळस, कौतुक, क्षमा, जोशी, ज्ञानेश्वर, दऱ्या. तिची सर्व्हरकडून वर्णक्रमाने मांडणी करून घ्यायची आणि पीडीएफ काढायची. चौकटी दिसल्या, ‘दऱ्या’मधला अर्धा र मोडला किंवा ‘कळस’ ‘कवच’च्या वर आला, तर इमेज परत. या तपासणीला संगणकतज्ज्ञ लागत नाही. आमच्याकडे ती मराठी विभागातल्या बाई करतात, आणि चुका त्यांनाच आधी दिसतात.

इमेजचे वय

इमेज तयार झाली त्या दिवसापासून ती जुनी होऊ लागते. सॉफ्टवेअरमधल्या सुरक्षेच्या त्रुटी सापडत राहतात आणि इमेजमध्ये गोठलेली आवृत्ती मागे पडते. डेबियनची नवी आवृत्ती साधारण दोन वर्षांनी येते. बारावी जून २०२३ मध्ये आली, तेरावी ऑगस्ट २०२५ मध्ये. प्रत्येकीला दीर्घकालीन आधार धरून सुमारे पाच वर्षे सुरक्षेचे अद्ययावतन मिळते. तेव्हा दर महिन्याला इमेज नव्याने घडवावी, तिच्या नावात तारीख घालावी आणि मागच्या दोन हाताशी ठेवाव्यात. नवीत दोष निघाला तर जुनीवर परतता येते.

दर महिन्याला नव्याने घडवायची, तर ती जपून ठेवण्यात फारसा अर्थ उरत नाही. जपायची असते ती ज्या फायलीवरून इमेज घडते ती कृती. पदार्थ संपतो, पण कृती वहीत असली की पुन्हा करता येतो. आमच्या कृतीची फाइल दोनशे ओळींच्या आत आहे. ती गिटमध्ये ठेवलेली आहे, त्यामुळे कोणता बदल कोणी केव्हा केला ते दिसते. प्रत्येक पायरीच्या वर मराठीत एक-दोन वाक्यांची टीप आहे आणि तिच्यात ‘काय’पेक्षा ‘का’ लिहिलेले आहे. भाषा-सेटिंगच्या ओळीवर लिहिले आहे: ‘ही ओळ डेटाबेसच्या आधीच राहू द्या, नाहीतर ळ चुकीच्या जागी लागेल.’ आज्ञा काय करते हे कोणत्याही पुस्तकात सापडते. ती याच जागी का आहे हे फक्त आपल्यालाच ठाऊक असते.

संगणकाच्या कामाची टिपणे इंग्रजीतच असावीत अशी आपल्याकडे सवय आहे. पण संस्थेचा सर्व्हर सांभाळणारे पुढचे विद्यार्थी, कार्यवाह आणि शिक्षक मराठी वाचणारे आहेत. त्यांच्यासाठी लिहायचे तर त्यांच्या भाषेत लिहावे. मराठीत लिहिताना मलाही काही ठिकाणी थांबावे लागले. जी पायरी मला मराठीत सांगता आली नाही, ती मला नीट कळलेलीच नव्हती असे बहुतेक वेळा निघाले.

गेल्या वर्षी आमचा सर्व्हर पुन्हा बंद पडला, तेव्हा मी गावाला होतो. दुसऱ्या वर्षाच्या एका विद्यार्थिनीने कृतीची फाइल उघडली, नवी इमेज घडवली, शब्दयादी तपासून घेतली आणि अंकांची डिस्क जोडली. दुपारी सुरू केलेले काम संध्याकाळी झाले. तिचा मला एकच फोन आला. एकशे चौदाव्या ओळीवर टीप नव्हती आणि ती ओळ कशासाठी आहे हे तिला हवे होते. मलाही ते आठवेना. आम्ही दोघांनी शोधून काढले, आणि आता तिथे टीप आहे.